पडक्या इमारतीला नुसतं रडायला लावू नका



आपल्या मुलांच्या निबंधाच्या वहीत एक पाहुणा दरवर्षी ठरलेला असतो. कधी तो पडका किल्ला असतो, कधी ओसाड वाडा, कधी बंद गिरणी, तर कधी जुनी शाळा. विषयाचं नाव 'मनोगत' किंवा 'आत्मवृत्त'. साचा तुम्हाला माहीत आहेच. मुलगा फिरायला जातो, दमून बसतो आणि कुठून तरी आवाज येतो. मग इमारत आपले वैभवाचे दिवस सांगते, मग वाईट दिवस सांगते, शेवटी माणसांना कृतघ्न म्हणून हुंदके देते. आवाज थांबतो, मुलगा जड पावलांनी घरी येतो. दहापैकी आठ मार्क.

या साच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती भाषेची नाही. भाषा मुलं शिकतात, म्हणी वापरतात, विरामचिन्हंही देतात. तक्रार अशी की या निबंधातल्या जुन्या इमारतीला रडण्याशिवाय दुसरं कामच नसतं, आणि ऐकणाऱ्याला उसासा टाकण्याशिवाय. "आता या जागेचं काय करता येईल?" हा प्रश्न चारही परिच्छेदांत कोणी विचारत नाही.

आपण राहतो त्या पट्ट्यात हा प्रश्न न विचारणं परवडणारं नाही. मारुंजीच्या एका अंगाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि जरा लांब गेलं की तळवडे, भोसरी, चाकणची पत्र्याची शेडं. "पप्पांची कंपनी शिफ्ट झाली", "कंपनीला कुलूप लागलं" ही वाक्यं माझ्या तिसरीच्या वर्गात मुलं अगदी सहज बोलतात. रस्त्याकडेचं शेड मागच्या वर्षी फर्निचरचं गोडाऊन होतं, यंदा तिथे बॅडमिंटन कोर्ट आहे, पुढच्या वर्षी लग्नाचा हॉल होईल, हे त्यांना दिसतं. म्हणजे जागा काम बदलते हे मुलांना पक्कं माहीत आहे. फक्त निबंध लिहायला बसलं की ते विसरायचं असतं.

म्हणून यंदा 'पडक्या किल्ल्या'ऐवजी दुसरा विषय द्या असं मी सुचवते. विषय आहे: 'एअरशिपच्या हँगरचे मनोगत'. नाव परकं वाटेल, पण गोष्ट आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत येते. जरा सविस्तर सांगते, म्हणजे वर्गात सांगायला उपयोगी पडेल.

एवढं मोठं घर कशासाठी?

घोड्याला तबेला, गाईला गोठा, तसं विमानाला हँगर. एअरशिप म्हणजे विमानाचा हवेपेक्षा हलका भाऊ. काकडीच्या आकाराचा प्रचंड सांगाडा, आत हलक्या वायूच्या पिशव्या, वरून कापडाचं आवरण, बाहेर इंजिनं. सुरुवातीच्या बहुतेक एअरशिपमध्ये हायड्रोजन भरत. तो सगळ्यात हलका, पण ठिणगीचा शत्रू.

जर्मनीत काउंट झेपेलिन यांचं पहिलं एअरशिप २ जुलै १९०० रोजी उडालं. त्याचं घर जमिनीवर नव्हतं, चक्क सरोवरात तरंगत होतं. कारण मुलांना विचारा, पतंग उडवणारी मुलं लगेच सांगतील. वारा! एअरशिप दारातून आत-बाहेर करताना आडवा वारा आला तर ते भिंतीवर आपटणार. तरंगतं घर वाऱ्याच्या दिशेनं वळवता यायचं. पुढे काही ठिकाणी जमिनीवरची फिरती हँगरही बांधली.

एअरशिप छत्रीसारखं मिटवून ठेवता येत नाही. ते जेवढं लांब, घर त्याहून लांब. ब्रिटिशांचं आर-१०१ हे एअरशिप शेवटी ७७७ फूट लांब झालं. त्याच्यासाठी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनचं शेड उंच करून ८१२ फूट लांब केलं. मध्ये एकही खांब चालत नाही, कारण मध्ये तर एअरशिप असणार. म्हणून ही जगातली सगळ्यात मोठ्या मोकळ्या छपरांची घरं झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोफेट फील्डचं हँगर ११३३ फूट लांब आणि ३०८ फूट रुंद आहे. जमीन व्यापली आहे आठ एकर. आपल्याकडे गुंठ्याचा भाव पोराटोरांना पाठ असतो, त्यांना सांगा: एकच खोली, ३२० गुंठ्यांची! तिच्या छताजवळ कधी कधी धुकं साचतं.

कराचीचं हँगर: पाहुणा आलाच नाही

आता आपल्या घरची गोष्ट. ब्रिटिशांना वाटलं, लंडनहून हिंदुस्थानात जायला बोटीनं आठवडे लागतात, एअरशिपनं काही दिवसांत जाता येईल. वाटेत इजिप्तमधल्या इस्माइलियाला थांबायचं आणि शेवटचा मुक्काम कराची. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होतं, सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे आज जसं आपल्याकडे 'विमानतळ कुठे होणार' यावर चर्चा झडते, तसं मुंबई सरकारच्या मुलखात साम्राज्याचं हवाई दार उघडणार होतं. कराचीजवळ मैदानावर एअरशिप बांधायचा उंच मनोरा आणि भलंमोठं हँगर उभं राहिलं. घर तयार, पाहुणा यायचा बाकी.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ कार्डिंग्टनहून कराचीकडे निघालं. हवा वाईट होती. त्याच रात्री, ५ तारखेच्या पहाटेआधी, फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते एका टेकाडावर आदळलं आणि पेटलं. ५४ जणांपैकी ४८ जण गेले. त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनही होते. ब्रिटननं मग एअरशिपचा नादच सोडला. दुसरं मोठं एअरशिप आर-१०० धड होतं, तेही मोडीत काढलं.

कराचीच्या हँगरमध्ये ज्याच्यासाठी ते बांधलं ते एअरशिप कधीच आलं नाही. लोक त्याला 'काला छपरा' म्हणू लागले, आसपासच्या भागालाही तेच नाव पडलं. पण बघा, नापास झालेल्या या इमारतीनं एक काम शोधलंच. ती एवढी मोठी होती की लांबून येणारे वैमानिक तिच्याकडे बघून धावपट्टी ओळखत. म्हणजे दीपगृहाचं काम! पुढे १९६० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांच्या काळात ती पाडली.

याच गोष्टीला जोडून एक गंमत मुलांना जरूर सांगा. आर-१०१ पडल्यावर दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे.आर.डी. टाटा कराचीहूनच एका चिमुकल्या पस मॉथ विमानात टपालाची पिशवी घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. टपाल होतं २५ किलो. ते विमान साधारण २५ फूट लांब. ७७७ ला २५ ने भागायला सांगा. एका आर-१०१ च्या लांबीत तीसहून जास्त पस मॉथ एकामागे एक उभी राहतील. जुहूला टाटांच्या या कंपनीचं ठाणं म्हणजे ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरलं की सगळा संसार उचलून पुण्याला, येरवड्याजवळच्या मैदानावर आणायचे. ज्याला प्रचंड घर होतं ते विमान आलंच नाही, आणि ज्याला झोपडी होती ते वाढत वाढत एअर इंडिया झालं. 'मोठी इमारत म्हणजे मोठं काम' हे समीकरण इथे खोटं ठरतं. मला वाटतं, शाळेच्या इमारतीवरून शाळा जोखणाऱ्या आपण सगळ्यांनीही हे जरा लक्षात ठेवावं.

कोणाच्या घरात भाजी, कोणाच्या घरात समुद्र

बाकीच्या हँगरांचं काय झालं ते ऐका.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं लाटव्हियात वैनोडे इथे एअरशिपची हँगर बांधली होती. युद्ध संपलं, जर्मन गेले, सांगाडे राहिले. लाटव्हियाची राजधानी रीगा. तिथल्या नगरपालिकेला नवी मंडई हवी होती. त्यांनी या हँगरांच्या वरच्या भागाचे लोखंडी सांगाडे आणले आणि त्यांवर मंडईचे पाच भव्य मंडप उभे केले. मांस, मासे, दूध, भाजी असे वेगवेगळे. बांधकाम १९२४ ला सुरू झालं आणि १९३० च्या नोव्हेंबरमध्ये मंडई उघडली. म्हणजे आर-१०१ जळालं त्याच्या पुढच्याच महिन्यात! एकीकडे कराचीचं हँगर पोरकं झालं आणि दुसरीकडे बॉम्बफेकीच्या यंत्रांच्या घराखाली बायका बटाटे निवडू लागल्या. पुण्याची महात्मा फुले मंडई पाहिलेल्या मुलांना हे चित्र चटकन डोळ्यांसमोर आणता येईल. ही मंडई आजही भरते.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांड नावाच्या गावी सोव्हिएत सैन्याचा जुना विमानतळ होता. तिथे कार्गोलिफ्टर नावाच्या कंपनीनं १६० टन माल उचलणारं एअरशिप बनवायचं ठरवलं आणि त्यासाठी ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद, १०७ मीटर उंच हँगर बांधलं. २००२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. ते एअरशिप बनलंच नाही. हजारो साध्या माणसांनी शेअर घेतले होते, त्यांचे पैसे गेले. पण घर उभं होतं. एका मलेशियन कंपनीनं ते घेतलं आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये आत चक्क समुद्रकिनारा सुरू केला. वाळू, झाडं, पोहायचे तलाव. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत लोक पोहण्याच्या कपड्यांत बसलेले असतात. आतली जमीन आहे सुमारे ६६,००० चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. भागाकार पाचवीच्या मुलांकडून करून घ्या. पाचशेच्या वर मैदानं बसतात.

कार्डिंग्टनची दोन्ही शेडं अजून उभी आहेत. त्यांतल्या एकात शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आठ मजल्यांची पोलादी इमारत बांधली. छपराखाली अख्खी इमारत! आणि मग तिला मुद्दाम आग लावून पाहिली, खरी इमारत आगीत कशी वागते ते मोजायला. ज्या गावातून निघालेलं एअरशिप आगीत गेलं, त्याच गावच्या शेडात आगीपासून माणसं कशी वाचवायची याचा अभ्यास झाला. कार्डिंग्टनच्या शेडात 'बॅटमॅन बिगिन्स' सारख्या चित्रपटांचं चित्रीकरणही झालं.

आता सांगा, यातलं कोणतं हँगर रडतंय?

दुसरी बाजूही सांगायलाच हवी

कोणी म्हणेल, "बाई, जुनं ते सगळं सोनं म्हणायचं का? मोडकळीला आलेल्या इमारती जपत बसायचं का?" नाही. तसं शिकवलं तर ते रडक्या निबंधापेक्षाही वाईट.

अमेरिकेत ओरेगन राज्यात टिलामूकला दुसऱ्या महायुद्धात लाकडी हँगर बांधली, कारण पोलाद लढाईला लागत होतं. युद्धानंतर त्यांतल्या एकात सुकं गवत साठवलं. १९९२ मध्ये ते आग लागून राख झालं. दुसरं मात्र वाचलं, तिथे विमानांचं संग्रहालय आलं. मोफेट फील्डच्या ज्या हँगरचं कौतुक मी वर केलं, त्याच्या पत्र्यांत विषारी रसायनं निघाली. २०११-१२ मध्ये सगळे पत्रे काढावे लागले आणि कित्येक वर्षं तिथे नुसता सांगाडा उभा होता. २०१४ मध्ये गूगलशी संबंधित कंपनीनं ती जागा ६० वर्षांच्या करारानं घेतली, तेव्हा दुरुस्तीची जबाबदारी ठरली. म्हणजे जुन्या घराला नवं काम देणं फुकट होत नाही. कोणीतरी तपासणी करावी लागते, आणि कोणीतरी पैसे भरावे लागतात.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. पुण्यात स्टेशनजवळ १८९३ सालची राजाबहादूर मिल आहे, तिच्या आवारात आता हॉटेलं आणि ऑफिसं आहेत. जागा वाचली, चांगलंच झालं. पण मुलांना पुढचा प्रश्न विचारायला शिकवा: "नवं काम कोणाच्या उपयोगाचं?" ज्या गिरणीत आजोबा साचावर उभे होते तिथे नातवाला चहासुद्धा परवडत नसेल, तर इमारत वाचली असं म्हणायचं, पण गोष्ट पूर्ण झाली असं म्हणता येत नाही. रीगाची मंडई मला जास्त आवडते ती यासाठी. तिथे कोणीही पिशवी घेऊन जाऊ शकतं.

आणि लोअर परळलाच कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेली आग आठवा. गच्चीवरच्या हॉटेलात १४ माणसं गेली. टिलामूकला गवत जळालं, इथे माणसं. नवं काम देताना बाहेर पडायच्या वाटा, वायरिंग, छप्पर तपासलं नाही तर जुनी जागा जीव घेते. म्हणून निबंधात 'नवी कल्पना' लिहिणाऱ्या मुलानं 'काय चुकू शकतं' हेही लिहिलं पाहिजे.

हे फक्त इमारतींचं नाही

माझ्या वयाच्या डीएड झालेल्या मंडळींना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आम्ही डीएड केलं तेव्हा गल्लोगल्ली कॉलेजं निघाली होती. नोकरी पक्की, असं सगळे म्हणत. मग २०१० नंतर भरती जवळजवळ थांबली, पुढे कित्येक डीएड कॉलेजं बंद पडली. मला नोकरी मिळाली, माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांना नाही. एअरशिप येणार म्हणून घर बांधलं, आणि एअरशिप आलंच नाही, अशी त्यांची अवस्था झाली. आज त्यांतली एक मैत्रीण चाकणला एका कंपनीत नव्या कामगारांना मशीनवरचं काम शिकवते. ती म्हणते, पाठ टाचण काढायची सवय मला तिथे उपयोगी पडली. एकानं मेस काढली. एक जण अजून परीक्षा देतोय, त्याला मी काय सांगणार? कोणाचंही शिक्षण वाया गेलं असं मला म्हणायचं नाही, आणि सगळं छान झालं असंही नाही. झालेलं नुकसान खरं आहे. पण नुकसान झाल्यानंतरचा परिच्छेदही लिहावा लागतो, आणि तो लिहायची सवय शाळेतच लागली तर बरं.

ज्या मुलाच्या बापाची कंपनी बंद पडली आहे, त्याला आपण 'बंद कारखान्याचे मनोगत' हा विषय देतो आणि रडकं लिहिलं की शाबासकी देतो. जरा विचार करा, त्याच्या घरी त्या संध्याकाळी नेमका कोणता प्रश्न चालू असेल? "आता काय करायचं?" हाच ना? मग त्या प्रश्नाला निबंधात जागा का नको?

वर्गात कसं घ्याल?

फार सामान लागत नाही. चौथी-पाचवीला दोन तासिका पुरतात.

पहिल्या तासाला वरची गोष्ट सांगा आणि मैदानावर जा. शाळेचं मैदान पावलांनी मोजा, मीटरमध्ये आणा, मग ३६० मीटर म्हणजे मैदानाच्या किती फेऱ्या ते काढा. आर-१०१ ची लांबी २३७ मीटर. रस्त्यावर कुठून कुठपर्यंत येईल ते मुलांना ठरवू द्या, म्हणजे आकडा कागदावर राहत नाही.

दुसऱ्या तासाला निबंध. 'मी हँगर बोलतोय' असं खुशाल लिहू द्या, आत्मवृत्ताला माझा विरोध नाही. फक्त चार अटी घाला. एक, इमारतीनं स्वतःचं माप सांगायचं. दोन, आपलं जुनं काम का गेलं त्याचं कारण सांगायचं, नुसतं "काळ बदलला" चालणार नाही. तीन, नवं काम सुचवायचं आणि ते कोणाच्या उपयोगाचं ते लिहायचं. चार, त्यात कोणता धोका आहे आणि तो कसा टाळायचा ते सांगायचं. रडायचं असेल तर रडू दे, पण एकाच वाक्यात.

मार्क देताना तिसऱ्या आणि चौथ्या अटीला निम्मे ठेवा. एखादा मुलगा म्हणेल, "मी आतमध्ये पावसाळ्यात क्रिकेट ठेवीन." त्याला हसू नका. त्याला विचारा, दिवे कोण लावणार, पैसे किती घेणार, गरीब मुलांचं काय. तोच मुलगा दहा मिनिटं विचार करतो, हा माझा अनुभव आहे.

पालकांसाठी, आणि आपल्या शाळांसाठी

शेवटचा मुद्दा पालकांसाठी. जिल्हा परिषदेच्या जुन्या कौलारू वर्गखोल्या तुम्ही पाहिल्या असतील. एक दिवस 'निर्लेखन' असा शब्द कानावर येतो. म्हणजे खोली दप्तरातून कमी करून पाडायची. काही खोल्या पाडायलाच हव्यात. २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचं छत कोसळून मुलांचा जीव गेला, ते विसरून चालणार नाही. अभियंत्यानं 'धोकादायक' म्हटलं की तिथे एकही मूल जाता कामा नये, यात चर्चा नाही.

पण धोकादायक आणि जुनी हे दोन वेगळे शब्द आहेत. नुसतं जुनं दिसतं म्हणून, किंवा ती जागा आता सोन्याच्या भावाची झाली म्हणून, धड खोली जात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या पालकांनी विचारायला हवं. तपासणी झाली का? अहवाल कुठे आहे? दुरुस्तीला किती लागेल आणि नवीन बांधायला किती? या खोलीत वाचनालय, संध्याकाळची अभ्यासिका, बायांच्या बचत गटाचं शिवणकाम, यातलं काही बसेल का? तुमच्यात कंपन्यांत काम करणारे वेल्डर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, सुपरवायझर आहेत. शेड कशी तपासतात ते शिक्षकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. ग्रामसभेत ते बोला.

त्याच कराचीतलं एक उदाहरण देऊन थांबते. नारायण जगन्नाथ वैद्य नावाच्या मराठी शिक्षणाधिकाऱ्यानं सिंधमध्ये शाळा काढायचं काम केलं. १८५५ साली सुरू झालेल्या तिथल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचंच नाव मिळालं. सिंध वेगळा प्रांत झाल्यावर विधानसभेला इमारत नव्हती, तेव्हा १९३७ पासून काही वर्षं सभा या शाळेच्या इमारतीत भरली. सभेची स्वतःची इमारत झाली, आमदार गेले आणि ती वास्तू पुन्हा शाळेची झाली. एनजेव्ही शाळा म्हणून ती आजही कराचीत चालते. त्याच शहरात एका वास्तूला वेळेवर दुसरं काम मिळालं आणि ते झाल्यावर तिचं पहिलं कामही परत मिळालं. हँगरच्या वाट्याला ते आलं नाही.

पुढच्या आठवड्यात हा विषय वर्गात घेऊन बघा. पालकांनो, घरी मुलाला नुसतं एवढंच विचारा: आपल्या रस्त्यावरचं ते बंद शेड तुझ्या ताब्यात दिलं, तर तू त्यात काय सुरू करशील, आणि पहिल्या दिवशी काय तपासशील? मुलं काय म्हणतात ते मला नक्की कळवा.